व्यसनमुक्ती उपचारांनी खरेच फरक पडतो का? चेन्नई, गोवा आणि पुण्याच्या अनुभवातून

घरातील कोणी दारू किंवा इतर नशेच्या आहारी गेले की कुटुंबाला दोन प्रश्न पडतात. उपचार केले तर माणूस खरेच बरा होतो का? आणि खर्च करून, दाखल करूनही पुन्हा पिऊ लागला तर काय? २०२५ मध्ये नशा मुक्त भारत अभियानाला पाच वर्षे पूर्ण झाली. या काळात जागृती फेऱ्या, शपथा आणि शाळांतील कार्यक्रम खूप झाले. पण लाभार्थी कुटुंबाला शपथ किती जणांनी घेतली यापेक्षा उपचारानंतर वर्षभराने माणूस कसा आहे, हे जास्त महत्त्वाचे असते. या लेखात संशोधन काय सांगते आणि त्यावरून तुम्ही काय करू शकता, हे पाहू.

गरज मोठी, उपचार थोड्यांनाच

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय केंद्राने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असे त्यात आढळले. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार घेणारे तर १८० पैकी एकच.

म्हणजे बहुतेक कुटुंबांत उपचार सुरूच होत नाहीत. पैसा हे त्याचे एक कारण आहे. 'इच्छाशक्ती नाही म्हणून पितो' ही समजूत आणि 'लोक काय म्हणतील' ही भीती, हीही कारणे तेवढीच मोठी आहेत.

चेन्नईतील सुरुवात

चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीला दारूच्या व्यसनाने गमावले. त्यानंतर १९८० मध्ये त्यांनी टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन सुरू केले. त्याचेच टीटीके रुग्णालय आज देशातील जुन्या व्यसनमुक्ती केंद्रांपैकी एक आहे. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामातून दोन गोष्टी शिकायला मिळतात.

पहिली गोष्ट, उपचार फक्त पिणाऱ्यावर होत नाहीत. पत्नी, आईवडील यांच्यासाठीही वेगळे सत्र असते. वर्षानुवर्षे कर्ज, भांडणे आणि लपवाछपवी सोसलेल्या घराला स्वतःची घडी नीट बसवायला मदत लागते. दुसरी गोष्ट, प्रत्येकाला शहरात येणे परवडत नाही. म्हणून या संस्थेने कावेरीच्या खोऱ्यातील मंजक्कुडी गावात शिबिराची पद्धत सुरू केली. उपचार करणारी मंडळी गावात जातात, गावकरी व्यवस्था पाहतात आणि शिबिरानंतरही भेटी चालू राहतात. घरी परतलेल्या माणसाच्या सोबत सारे गाव असते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबासाठी हा मोठा आधार आहे.

महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले. तेथेही दाखल काळानंतरच्या पाठपुराव्याला आणि पत्नींच्या गटाला महत्त्व दिले जाते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या अभ्यासातही असेच दिसले: पुन्हा पिणे कसे टाळायचे हे शिकवताना घरातील एका माणसालाही सोबत बसवले, तर नुसत्या रुग्णाला शिकवण्यापेक्षा निकाल चांगले आले.

गोव्याचा पुरावा: आरोग्य केंद्रातही मदत होते

प्रत्येकाला दाखल व्हावे लागत नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्वसाधारण आजारासाठी आलेल्या, पण धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्यासोबत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते.

वर्षभरानंतर बैठका मिळालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. मागील १४ दिवसांत अजिबात न पिणारे ४५ टक्के विरुद्ध २६ टक्के असे होते.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. थोड्या खर्चाच्या मदतीनेही मोठा फरक पडतो, हे खरे. पण मदत मिळूनही जवळपास निम्म्या पुरुषांचे पिणे धोकादायकच राहिले. शिवाय तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा पत्नीवरील हिंसाचारावर या बैठकांचा परिणाम दिसला नव्हता. म्हणून 'दारू सुटली की मारहाण थांबेल' असे धरून चालू नका. मारहाण होत असेल तर महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर मदत मागा; त्यासाठी दारू सुटण्याची वाट पाहायची गरज नाही. दुसरे म्हणजे, हा अभ्यास पूर्ण आहारी गेलेल्यांचा नव्हता. ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून प्यावे लागते, त्याला डॉक्टरांचीच देखरेख लागते.

पुन्हा प्यायला म्हणजे सगळे वाया गेले का?

नाही. व्यसनातून बाहेर आलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक वर्षभरात पुन्हा नशेकडे वळतात, असे २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात मांडले होते. त्याच आढाव्यात रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांचीही तुलना होती. त्यांच्यातही गोळ्या-पथ्य सोडल्याने आजार उलटण्याचे प्रमाण एवढेच किंवा जास्त होते. रक्तदाब वाढला म्हणून आपण माणसाला नालायक ठरवत नाही, गोळी बदलतो. व्यसनाच्या बाबतीतही पुन्हा घसरणे म्हणजे उपचार बदलण्याची किंवा वाढवण्याची वेळ आली, असे समजावे.

म्हणूनच '१०० टक्के खात्री' देणाऱ्या जाहिरातीपासून सावध राहा. टक्केवारी सांगितली तर विचारा: किती महिन्यांनी मोजली? मध्येच सोडून गेलेले त्यात धरले का? केंद्रातून बाहेर पडताना सगळेच न पिणारे असतात; खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू होते.

मदत कुठे मिळते

राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ निःशुल्क आहे. जवळचे सरकारी अनुदानित केंद्र कोणते, हे तेथे विचारता येते. मानसिक आरोग्यासाठी टेली मानस १४४१६ ही सेवा आहे. ती मराठी आणि तमिळसह अनेक भाषांत चालते, त्यामुळे चेन्नईत कामासाठी गेलेल्या मराठी माणसालाही उपयोगी आहे. केंद्र सरकार स्वयंसेवी संस्थांच्या पुनर्वसन केंद्रांना अनुदान देते आणि काही सरकारी रुग्णालयांत व्यसन उपचार कक्षही आहेत. दाखल करण्यापूर्वी कोणती सेवा मोफत आहे आणि कशाचे पैसे पडतील, हे लेखी घ्या. आरोग्य योजनेचे कार्ड असेल तर रुग्णालयातील मदत कक्षात उपचार योजनेत बसतात का ते विचारा.

रुग्णाचे हक्क

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात. या कायद्यानुसार रुग्णाला साखळीने बांधणे गुन्हा आहे. कोणत्याही केंद्रात मारहाण, कोंडून ठेवणे किंवा घरच्यांना भेटू न देणे दिसले तर रुग्णाला तेथून काढा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तक्रार करा. मोफत कायदेशीर मदत हा रुग्णाचा हक्क आहे. अमली पदार्थांच्या थोड्या प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी व्यक्तीने मान्यताप्राप्त केंद्रात स्वेच्छेने उपचार घेतले, तर कायद्यात खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूद आहे. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते.

घरी या चुका टाळा

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात आणि जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. दारू सोडवण्याचे औषध न सांगता जेवणात मिसळू नका. त्यावर दारू प्यायली तर जिवाला धोका असतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि तपासणीनंतरच द्यायचे असते. आणि दाखल करतानाच पुढच्या सहा महिन्यांच्या भेटींच्या तारखा लिहून घ्या. केंद्रात किती दिवस राहिला यापेक्षा बाहेर आल्यावर किती भेटी पाळल्या, यावर बरेच अवलंबून असते.