विश्वसुंदरीचे वजन आणि गव्हाची पोळी

डिसेंबर २०२१ मध्ये इस्रायलमधील आयलत येथे चंदीगडच्या हरनाझ कौर संधू हिने ‘मिस युनिव्हर्स’चा किताब मिळवला. सुश्मिता सेन (१९९४) आणि लारा दत्ता (२०००) यांच्यानंतर तब्बल एकवीस वर्षांनी हा मुकुट भारतात आला. देशभर कौतुक झाले. पुढे मार्च २०२२ मध्ये ती एका फॅशन शोमध्ये दिसली तेव्हा अंगाने भरली होती. मग काय, तेच कौतुक करणारे टिंगल करू लागले! त्यावर तिने सांगितले की आपल्याला सिलिअ‍ॅक आजार आहे, गव्हाचे पीठ चालत नाही. आधी लोक फार हडकुळी म्हणून चिडवत, आता जाड म्हणून चिडवतात.

नुसता फोटो पाहून वजन का वाढले हे सांगणारा डॉक्टर अजून जन्माला यायचा आहे. लोकांनी मात्र निदान करून टाकले. तिची आई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ, पण सल्ला देणारे गावभर.

या आजाराला बोलीभाषेत ‘गव्हाची अ‍ॅलर्जी’ म्हणतात, पण ही नेहमीची अ‍ॅलर्जी नव्हे. गहू आणि जव (सातू) यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. काही जणांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लुटेन पोटात गेले की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतले मखमलीसारखे अस्तर झिजते. मग खाल्लेल्या अन्नातले लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. कोणाला जुलाब होतात, कोणाचे पोट फुगते, कोणाला काहीच त्रास जाणवत नाही, नुसते रक्त कमी. गहू बंद केल्यावर आतडे सावरते, अन्न अंगी लागू लागते आणि कित्येकांचे वजन वाढते. म्हणजे ज्याला लोक हसतात ते बरे होण्याचे लक्षणही असू शकते.

हा आजार गहू खाणाऱ्या उत्तर भारतात अधिक दिसतो, म्हणून आपल्याकडे तो चटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. पण आता आपल्याही घरात सकाळी बिस्किट, डब्यात पोळी, संध्याकाळी पाव असतोच. दवाखान्यात फिकट, उंची खुंटलेल्या, पाळी उशिरा आलेल्या मुली येतात. महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही. घरचे म्हणतात, ‘खायचे नखरे फार.’ अशा मुलीची रक्तातील टीटीजी अँटीबॉडीची तपासणी करावी असे माझे मत आहे. गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. एक पथ्य मात्र पाळा: तपासणीपूर्वी गहू बंद करू नका, नाहीतर अहवाल खोटाच चांगला येईल. आणि हा आजार नसताना केवळ फॅशन म्हणून गहू सोडणाऱ्यांनी उगाच खिसा रिकामा करू नये.

उपचार एकच, जन्मभर गहू आणि जव बंद. त्यात रवा, मैदा, शेवया, दलिया आणि गव्हाचे पीठ मिसळलेला हिंगसुद्धा आला. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ खुशाल चालतात. आपली भाकरी इथे औषधच. गिरणीत मात्र घात होतो. गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली की तिच्यात गहू उतरतो, आणि तेवढाही या रुग्णाला बाधतो. दळण वेगळे हवे. घरची छोटी गिरणी असेल तर उत्तम.

सर्वात अवघड गोष्ट म्हणजे लग्न. आईवडील मुलीचा हा आजार लपवतात. मग सासरी ती गुपचूप सर्वांबरोबर पोळी खाते आणि पुन्हा आजारी पडते. हा लपवण्याजोगा रोग नाही. तो कोणाला लागत नाही, पथ्य पाळले तर संसार, बाळंतपण सारे नीट होते. हरनाझने तो जगासमोर सांगितला, वर्षभराची जबाबदारी पार पाडून जानेवारी २०२३ मध्ये मुकुट पुढच्या विजेतीला दिला आणि २०२५ मध्ये ‘बागी ४’ या हिंदी चित्रपटातही आली. आपण निदान मुलगी बघायला येणाऱ्यांना सांगावे, की ही भाकरी खाते आणि हिचे दळण वेगळे असते.