३.५५ वर थांबलेले लोक : नवी आवृत्ती नेहमीच श्रेयस्कर असते का?

१/ इतिहास म्हटला की ताम्रपट, बखरी आणि किल्ले डोळ्यांसमोर येतात. परंतु घरातल्या खेळयंत्रालाही इतिहास असतो. आजचा थ्रेड प्लेस्टेशन ३ विषयी. माझे मत आरंभीच मांडतो : कन्सोलमध्ये फेरबदल करताना नव्या आवृत्तीऐवजी कसाला उतरलेली आवृत्ती निवडणे हा मागासलेपणा नव्हे, विवेक आहे.

२/ नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने हे यंत्र जपान व अमेरिकेत विक्रीस आणले. त्यात ‘अदर ओएस’ ही सोय होती. तिच्यामुळे मालकाला लिनक्स बसवून यंत्राचा संगणक करता येई. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने तर १,७०० हून अधिक प्लेस्टेशन ३ जोडून ‘काँडॉर क्लस्टर’ हा महासंगणक उभारला.

३/ जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने याच सोयीच्या आधारे यंत्राची तटबंदी भेदल्याचे जाहीर केले. सोनीचे उत्तर १ एप्रिल २०१० रोजी आले : आवृत्ती ३.२१. सुरक्षिततेचे कारण देऊन तिने अदर ओएस काढून घेतली.

४/ मालकांपुढे पेच पडला. अपडेट करावे तर लिनक्स जाणार. न करावे तर प्लेस्टेशन नेटवर्क बंद. दोन्हींचे पैसे आधीच मोजलेले, तरी एकावर पाणी सोडणे भाग होते. अमेरिकेत सामूहिक दावा उभा राहिला, अनेक वर्षांनी तडजोडीने मिटला. पण काढलेली सोय परत आली नाही.

५/ डिसेंबर २०१०, बर्लिन. केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये ‘फेलओव्हरफ्लो’ गटाने सोनीची चूक उघड केली. डिजिटल स्वाक्षरी करताना दर वेळी नवा यादृच्छिक अंक घ्यावा लागतो. सोनीने तोच अंक पुन्हा पुन्हा वापरला होता. अशा दोन स्वाक्षऱ्या हाती आल्या की गुप्त किल्ली साध्या गणिताने निघते. जानेवारी २०११ मध्ये हॉट्झने मूळ किल्ली प्रसिद्ध केली. सोनीने त्याच महिन्यात खटला भरला. एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली.

६/ त्या वेळी चालू आवृत्ती होती ३.५५. पाठोपाठ आलेल्या ३.५६ ने दार लोटून घेतले. हा आकडा पाणलोटासारखा ठरला. घाईने पुढे गेलेल्यांना सहज मागे येता येईना, कारण यंत्र जुनी आवृत्ती स्वीकारत नसे; परतीसाठी वेगळे हार्डवेअर लागे. ३.५५ वर थांबलेल्यांचे पर्याय मात्र शाबूत राहिले.

७/ हे एकट्या सोनीचे वैशिष्ट्य नव्हे. एक्सबॉक्स ३६० च्या ४५३२ व ४५४८ या आवृत्त्यांमधील त्रुटी जानेवारी २००७ मध्ये ४५५२ ने बुजवली. पुढील काही अपडेट्स प्रोसेसरमधील सूक्ष्म फ्यूजच कायमचे जाळत, म्हणजे परतीचा पूलच उरत नसे.

८/ मात्र ‘कसाला उतरलेली’ म्हणजे ‘जुनी’ नव्हे. केवळ प्राचीन म्हणून आपण कोणतेही हस्तलिखित विश्वसनीय मानत नाही. त्याची छाननी करतो. इथेही निकष तेच : आपल्याच मॉडेलवर ती अनेकांनी दीर्घकाळ चालवली आहे का? तिचे दोष नोंदले गेले आहेत का? बिघाड झाल्यास परतीची वाट ज्ञात आहे का? काल प्रसिद्ध झालेल्या कस्टम फर्मवेअरबाबत ही उत्तरे कुणाकडेच नसतात, आणि उतावळेपणाने यंत्राची वीट होते.

९/ आक्षेप रास्त आहेत. जुन्या आवृत्तीत सुरक्षेची छिद्रे असतात. फोन किंवा बँकेचे ॲप यांना हा न्याय लावू नये. चोरट्या प्रतींविषयीची सोनीची भीतीही निराधार नव्हती, आणि त्या चोरीचे मी समर्थन करत नाही. परंतु नेटवर्कपासून अलग ठेवलेल्या, स्वतःच्या मालकीच्या यंत्रावर काय चालावे, हा निर्णय मालकाचा असावा.

१०/ यात इतिहासाचे काय पणाला लागले आहे? मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ चे ऑनलाइन दुकान बंद करण्याचे जाहीर केले. रोष उसळल्यावर एप्रिलमध्ये निर्णय फिरवला. सर्व्हरवरचा वारसा असा कंपनीच्या मर्जीवर जगतो. उद्याच्या संशोधकाला हे खेळ प्रत्यक्ष चालवून पाहायचे असतील, तर चालती यंत्रे आजच राखली पाहिजेत.

११/ म्हणून माळ्यावरचे यंत्र खाली काढाल तेव्हा आधी मॉडेल क्रमांक व आवृत्ती टिपून ठेवा, शक्य असेल तर फ्लॅश मेमरीची प्रत घ्या, आणि मगच पडद्यावरच्या ‘अपडेट’ला उत्तर द्या. ‘नको’ हेही विचारपूर्वक दिलेले उत्तर असू शकते.