वेबकॅम घेण्याआधी उजेड बघा



ऑनलाइन स्वाध्यायासाठी कोणता वेबकॅम घ्यावा, असं बऱ्याच जणी विचारतात. माझं मत विचाराल तर ४के वगैरेच्या मोहात पडू नका. कॉलवर चित्र दाबून, लहान करूनच पुढे जातं, ७२०पी पुरतं. लॉजिटेकचा सी२७० तेवढाच आहे, सेकंदाला ३० चित्रं घेतो.

खरा आकडा हा ३० चा. आमच्या मावशींना ऐकू कमी येतं, त्या ओठ बघून समजून घेतात. अंधुक खोलीत स्वस्त कॅमेरा एकेक चित्र घ्यायला जास्त वेळ लावतो. चित्रं कमी पडतात, ओठ पुसट दिसतात आणि मावशी नुसती मान डोलावत बसतात. तेव्हा खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ नको. संध्याकाळी समोर साधा एलईडी दिवा ठेवा. लॅपटॉपचा कॅमेराही आधी असा उजेडात बघा; कदाचित नवा घ्यावाच लागणार नाही.

मात्र ग्रंथाचं पान जवळ धरून दाखवणार असाल, तर ऑटोफोकस हवाच. सी२७० मध्ये तो नाही, जवळची अक्षरं धूसर येतात. तिथे काटकसर नको, (बी.कॉम. झालेय म्हणून सांगते) तो खर्च भांडवली खात्यात टाका.