अल्पाहार : औषध की फॅशन?

'अति तेथे माती' ही म्हण आपण अति खाणाऱ्याला ऐकवतो. अति कमी खाण्यालाही ती तितकीच लागू पडते, हे मात्र विसरतो. एके काळी 'डाएट' हा शब्द शहरी मासिकांपुरता होता. आज तो बिडकीनच्या बसथांब्यावरही ऐकू येतो. 'दिवसाला आठशे कॅलरी घ्या, महिन्यात बारीक व्हा' असे मोबाईलवर कोणीतरी सांगतो आणि मैत्रिणी डबा न उघडताच घरी नेतात. म्हणून या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहणे अगत्याचे वाटते.

आठशे कॅलरी, म्हणजेच उष्मांक, होतात तरी किती? १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३५० उष्मांक असतात. म्हणजे दोन मोठ्या भाकरी आणि वाटीभर पातळ वरण, एवढ्यावर अख्खा दिवस! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीलाही रोज सुमारे १६६० आणि अंगमेहनत करणारीला सुमारे २७२० उष्मांक लागतात.

या आहाराचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या प्रयोगात मधुमेहाच्या लठ्ठ रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचा पेयरूप आहार दिला गेला. २०१७ साली निष्कर्ष आले. वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. घरोघरी मधुमेह शिरलेल्या आपल्या गावांना ही आशेचीच बातमी आहे. परंतु ते रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, त्यांच्या अंगी साठा होता आणि नंतर त्यांना पायरीपायरीने जेवणावर आणले गेले. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, हेही लक्षात ठेवावे.

देखरेख नसेल तर? चक्कर, बद्धकोष्ठता, केस गळणे, पित्ताशयात खडे आणि चरबीबरोबर स्नायूंचीही झीज! १९७७ च्या सुमारास अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर वजन उतरवण्याची लाट आली, तेव्हा पन्नासहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. मनावरचा परिणामही लहान नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. त्यांना रोज सुमारे १५७० उष्मांक मिळत, म्हणजे आठशेच्या जवळजवळ दुप्पट. तरी ते चिडचिडे व उदास झाले आणि दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. अशा मनाने परीक्षेचा अभ्यास कसा व्हावा?

हे झाले स्वखुशीने उपाशी राहिलेल्यांचे. आपल्या मराठवाड्याने न मागता आलेली उपासमारही सोसली आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या खडी फोडायला गेल्या, सुकडीवर आणि परदेशी लाल मिलोवर दिवस काढले. त्यांनी नातीला भाकरी नाकारताना पाहावे, यासारखा दैवदुर्विलास कोणता?

आणि खरे सांगायचे तर आपल्या घरांतील बाईचे 'डाएट' कधी संपलेच नाही. सगळ्यांची पाने झाल्यावर टोपल्यात उरेल ते तिचे जेवण. वर चतुर्थी, एकादशी, नवरात्र आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिच्या अंगात रक्तच कमी, तिने आठशे उष्मांकांचे व्रत घ्यावे काय?

माझे मत स्पष्ट आहे. अत्यल्प आहार हे औषध आहे. ज्याला रोग आहे त्याने ते डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावे. निरोगी मुलीने आरशाला विचारून घेऊ नये. गुरुजनांना एक विनंती करावीशी वाटते : राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावाची आरोग्य तपासणी करतो, तशी एकदा आपल्याच मुलींच्या हिमोग्लोबिनची करावी. वजनकाट्याने जे कळत नाही, ते त्या थेंबभर रक्ताने कळेल.

मैत्रिणींनो, शिकण्यासाठी घराबाहेर पडणारी आपल्यापैकी अनेकींच्या घरातली ही पहिलीच पिढी आहे. ती भरल्या पोटी शिकली पाहिजे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष