४ एप्रिल : शीळफाट्याचा दिनविशेष कोण लिहिणार?

सकाळी मोबाईल उघडला की तीन-चार ग्रुपवर 'आजचा दिनविशेष' येऊन पडलेला असतो. वर उगवता सूर्य, खाली घटना, जन्म, मृत्यू. शाळेच्या फळ्यावर तेच आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांच्या वहीतही तेच. कुणीतरी एकदा केलेली यादी वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते. ती कुणी केली, काय घेतले आणि काय गाळले, हे सहसा कुणी विचारत नाही.

४ एप्रिलची यादी आम्हाला आता जवळजवळ पाठ झाली आहे. १९०५, कांगड्याचा भूकंप. १९४९, नाटो करारावर सह्या. १९६८, अपोलो ६ अंतराळात. १९६८, मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) यांची हत्या. १९७५, मायक्रोसॉफ्टची स्थापना. जन्म : हिंदी कवी माखनलाल चतुर्वेदी, १८८९. मृत्यू : मोटारीचे जनक कार्ल बेन्झ, १९२९. (शीळफाट्याच्या सिग्नलला तासभर अडकलेल्या माणसाला बेन्झसाहेबांची पुण्यतिथी वेगळी सांगायची गरज नाही, त्यांची आठवण तो रोजच काढत असतो.)

या यादीत शीळफाटा नसतो.

४ एप्रिल २०१३, गुरुवार, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शीळ-डायघरच्या लकी कंपाउंडमधली इमारत काही क्षणांत खाली आली. सात मजले उभे होते, आठव्याचे काम चालू होते. ७४ माणसे मेली. त्यांत १८ लहान मुले होती. पुढचे दोन दिवस ढिगारा उपसणे चालू होते. आमच्यातले काहीजण तेव्हा कॉलेजात होते. रात्री तिथे गेलेल्यांनी गर्दी मागे सारण्याचे, पाणी वाटण्याचे काम केले. त्यापेक्षा जास्त काही करण्यासारखे आमच्या हातात नव्हते.

या घटनेची ज्यांनी नोंद ठेवली तेही एका ओळीत लिहितात : 'इमारत कोसळली, ७४ ठार.' आमची पहिली हरकत या क्रियापदावर आहे. 'कोसळली' म्हटले की कुणी काही केल्याचे दिसतच नाही. झाड पडते तशी इमारत पडली. पण ही इमारत जुनी नव्हती, मोडकळीला आलेली नव्हती, तिच्यावर वीज पडलेली नव्हती. ती परवानगीशिवाय, घाईघाईने, हलक्या मालात उभी केली जात होती आणि वरचे मजले चढत असतानाच खालच्या मजल्यांत माणसे राहायला आणली गेली होती.

का आणली? आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रिकामी बेकायदा इमारत पाडता येते. तिच्यात चूल पेटली, दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत पडले की पालिकेच्या पथकाचा हात आखडतो. म्हणजे जी गरीब माणसे कमी भाड्यात खोली मिळाली म्हणून आनंदाने राहायला आली, ती त्या बांधकामाची ढाल होती. बांधणारे काही मजूरही आपल्या कुटुंबासह तिथेच राहत होते. ज्या खांबात सिमेंट कमी पडले, त्याच खांबाखाली त्यांची मुले निजत होती. पुढे बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी, पोलीस, एक नगरसेवक अशा अनेकांना अटक झाली. अटकेची ही यादी म्हणजेच 'कोसळली' या क्रियापदाचा लपवलेला कर्ता आहे. त्यामुळे आमच्या अभ्यासिकेच्या फळ्यावर आम्ही 'कोसळली' लिहीत नाही. 'बेकायदा उभी केलेली इमारत पडून ७४ जणांचा बळी गेला' असे लिहितो. ओळ लांबते. लांबू द्या.

ही ओळ फळ्यावर यायलाही सोपी गेली नाही. एप्रिलचा पहिला पंधरवडा म्हणजे आमच्याकडे जयंतीची धामधूम. ११ एप्रिलला जोतिबा, १४ एप्रिलला बाबासाहेब. वर्गणी, मंडप, मिरवणुकीचा परवाना, साउंडवाल्याचा ॲडव्हान्स. अशाच एका बैठकीत आम्ही म्हणालो की ४ तारखेला संध्याकाळी विहारात थोडा वेळ बसू, मेणबत्त्या लावू, मुलांना ही गोष्ट सांगू. एक ज्येष्ठ काका, ज्यांच्या कष्टावर विहार उभे आहे आणि ज्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे, ते शांतपणे म्हणाले, "पोरांनो, त्यात आपले किती होते?"

बैठक गप्प झाली. फळा लिहिणारी आठवीतली मुलगी पाणी द्यायला आत आली होती. ती म्हणाली, "काका, मग मार्टिन ल्यूथर किंग आपले कसे? त्यांचं नाव तर तुम्हीच लिहायला सांगता."

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्हाला पुन्हा पुस्तके काढावी लागली. दिनविशेषाच्या एका ओळीत किंग यांची हत्या येते. पण ते त्या दिवशी मेम्फिसला काय करत होते, हे येत नाही. ते सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन कृष्णवर्णीय कामगार त्या गाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. त्यानंतर १३०० कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर एवढेच होते : मी माणूस आहे. पगार, सुरक्षा आणि युनियनची मान्यता या मागण्या त्या एका वाक्यात सामावल्या होत्या. किंग तिथे गेले आणि ४ एप्रिलच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घातली गेली. वय ३९. बरोबर एक वर्ष आधी, ४ एप्रिल १९६७ रोजी, त्यांनी न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध भाषण केले होते. नागरी हक्कांपुरते बोला, युद्धात पडू नका, असे सांगणारे त्यांचे स्वतःचे मित्रही होते. म्हणजे 'त्यात आपले किती?' हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला होता.

आणि ते आपले कसे? १९५९ साली ते भारतात आले होते. केरळमध्ये दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला अस्पृश्य अशी करून दिली. पुढे १९६५ मध्ये हा प्रसंग त्यांनीच आपल्या चर्चमध्ये सांगितला. आधी धक्का बसला, रागही आला, मग आपल्या लोकांची स्थिती आठवली आणि ती ओळख खरी आहे हे मान्य केले. आमच्या बाजूने बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉईस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा 'आपले' म्हणजे जातीच्या दाखल्यावरचे, असा अर्थ या चळवळीने कधी घेतला नव्हता. दुखण्याचे नाते तिने ओळखले होते. मेम्फिसच्या कचरागाडीत चिरडलेले दोघे आणि लकी कंपाउंडमधले ७४ यांचे नाते आम्हाला दिसते. ते दिसत नसेल तर किंग यांचा फोटो विहारात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जन्माच्या रकान्यात ४ एप्रिलला आम्ही आणखी एक नाव घालतो, माया अँजेलू, १९२८. कृष्णवर्णीय लेखिका आणि किंग यांच्या संघटनेची एकेकाळची कार्यकर्ती. तिच्या चाळिसाव्या वाढदिवशीच किंग यांचा खून झाला. त्यानंतर अनेक वर्षे तिने वाढदिवस साजरा केला नाही. त्या दिवशी ती किंग यांच्या पत्नी कोरेटा यांना फुले पाठवायची, कोरेटांच्या मृत्यूपर्यंत. एका तारखेला जन्म आणि मृत्यू एकत्र आले तर काय करायचे, हे तिने आपल्या परीने ठरवले होते.

समाजशास्त्राच्या वर्गात दुर्खीम शिकताना एक गोष्ट डोक्यात बसली होती : कालगणना ही समूहाच्या जीवनाची लय असते. लोक ज्या दिवशी पुन्हा पुन्हा एकत्र येतात, तो दिवस दिवस ठरतो. याचे उदाहरण शोधायला आम्हाला फ्रान्सला जावे लागत नाही. भीमा कोरेगावची लढाई १८१८ ची. शंभर वर्षे ती पलटणीच्या नोंदीत आणि एका दगडी स्तंभावर होती. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले आणि १ जानेवारी ही आमची तारीख झाली. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळे, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. एका वर्षात त्या माणसाने आम्हाला तीन तारखा दिल्या. प्रस्थापितांच्या पंचांगात यातली एकही नव्हती. लोक जात राहिले, म्हणून त्या टिकल्या.

पण आम्हीही गाळतो, हे कबूल करायला हवे. ७ नोव्हेंबर घ्या. १९०० साली याच दिवशी बाल भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. २०१७ पासून राज्य सरकार हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. छानच आहे, आम्हीही पाळतो. पण ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. संपाचा हक्क आवळणारे ते विधेयक होते. बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कामगार संघटना त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उतरल्या होत्या. तारीख एकच. शाळेत जाणारे बाबासाहेब परिपत्रकात आले आणि संप करणारे बाबासाहेब बाहेर राहिले. सरकारने गाळले हे समजू शकते. आमच्या जयंतीच्या बॅनरवर तरी कुठे असतात मजूरमंत्री बाबासाहेब? कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती ज्यांनी मांडली, त्यांची लेकरे आज शीळ-कल्याण रस्त्यावरच्या गोदामांत बारा-बारा तास उभी आहेत. आणि आम्ही विचारतो, ढिगाऱ्याखाली आपले किती?

लकी कंपाउंडची तारीख टिकली नाही याचे कारण आम्हाला इथेच सापडते. मेलेले कुणी कुठल्या प्रांताचे, कुणी कुठल्या धर्माचे. वाचलेले पांगले. कुणी गावी गेले, कुणी दुसऱ्या नाक्यावरच्या तशाच खोलीत. दरवर्षी एका जागी जमायला लागतो तो समूह तिथे नव्हताच. खोली भाड्याने मिळते, शेजारही मिळतो, पण आपल्यासाठी कुणी तारीख धरून ठेवील एवढे मुळे धरणे बारा महिन्यांच्या करारात होत नाही.

वीस दिवसांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ राणा प्लाझा पडला. ११३४ माणसे मेली. तिथेही बेकायदा चढवलेले मजले होते. पण त्या ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांची लेबले सापडली, तिकडच्या गिऱ्हाइकांनी जाब विचारला, मे महिन्यातच इमारतींच्या सुरक्षेचा करार झाला, आणि २४ एप्रिल जगभर पाळला जाऊ लागला. आमच्या ढिगाऱ्यात कुठलेच लेबल नव्हते. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला मुंबईत डॉकयार्ड रोडला पालिका कर्मचाऱ्यांची इमारत पडून ६१ जण गेले. तिचे नाव होते बाबू गेनू मार्केट. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेलेला बाबू गेनू हा गिरणी कामगार दिनविशेषात दरवर्षी न चुकता येतो. त्याच्या नावाच्या इमारतीखाली गेलेले कामगार येत नाहीत.

हल्ली शीळफाट्याचे नाव पेपरात येते ते बुलेट ट्रेनसाठी. वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर खाडीखालून. त्या कामाच्या तारखा पुढे दिनविशेषात नक्की येतील, आणि येऊ द्याव्यात. आमची मागणी फार मोठी नाही. या भागातल्या शाळांनी ४ एप्रिलच्या फळ्यावर नाटोच्या शेजारी एक ओळ शीळफाट्याची लिहावी. आणि ज्या विहारांत, मशिदींत, मंदिरांत, मंडळांत त्या दिवशी माणसे जमतात, त्यांनी दोन मिनिटे उभे राहावे.

काका पुढच्या वर्षी आले. काही बोलले नाहीत. वर्गणीची पावतीपुस्तके टेबलावरून बाजूला केली आणि मेणबत्त्यांचा पुडा तिथे ठेवला. यंदाही ४ एप्रिलला संध्याकाळी साडेसहाला आम्ही तिथेच आहोत. फळा लिहिणारी मुलगी आता दहावीला आहे, परीक्षा संपल्यावर येणार आहे. तिचा एक हट्ट आहे : ७४ हा आकडा अंकात नको, एकेक रेघ मारून लिहायचा. फळा पुरला नाही तर भिंत वापरू, म्हणते.