ओसाड कोण म्हणतो?

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना काही गोड द्यावे अशी संपादकांची अपेक्षा असते. ती ह्या वेळी पुरी करता येत नाही. गेल्या महिन्यात माझ्या हाती एक कागद आला, त्यातला एक शब्द घशात अडकून बसला आहे, आणि तो बाहेर काढल्याखेरीज करंजी खाली उतरेल असे वाटत नाही.

हकीकत अशी. लोहा-अहमदपूर रस्त्यापासून थोडे आत असलेल्या एका गावात मी मास्तर आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मुले पुष्कळ पुढे गेली. कोणी लातुरात शिकवणीचे वर्ग चालवितो, कोणी नांदेडला डॉक्टर आहे, कोणी सिमेंटचा व्यापारी. ह्यांपैकी काही जणांनी चारही चाकांना जोर असणाऱ्या जीपा घेतल्या आहेत. एका रविवारी ते घरी आले, पाया पडले आणि म्हणाले, "गुर्जी, ह्या डोंगरातल्या समद्या वाटा तुम्हाला ठाऊक. तेवढी एक वाट दावा, आन् आमचं बेताचं पत्रक झकास मराठीत लिहून द्या."

बेत मोठा नामी होता. चार गाड्या, अकरा माणसे. शनिवारी दुपारी लोह्याला जमावयाचे, सायंकाळी माळावर तंबू ठोकावयाचे, रात्री शेकोटी आणि मटण, आणि रविवारी नाल्यातल्या धोंड्यांवरून गाड्या चढवीत चढवीत डोंगर ओलांडावयाचा. यादी तर अशी की लग्नघरच्या कारभाऱ्याने मान खाली घालावी. ओढदोर, जॅक, चाकांत हवा भरण्याचा पंप, बिनतारी बोलकी यंत्रे, कोळसा, मसाल्याचे डबे, पाण्याचे दहा जार, फोटो काढणारे उडते यंत्र, एवढेच काय, दाढदुखीची गोळीसुद्धा! कोणी काय आणावयाचे ते नावानिशी लिहिलेले. ह्या यादीत शेवटी एक रकाना होता: 'जागा'. त्यापुढे लिहिले होते, 'ओसाड माळ. कुणाचा नाही. विचारायची गरज नाही.'

मी कागद घडी करून ठेवला आणि म्हणालो, पत्रकाचे पाहू; आधी ह्या एका ओळीचे पाहू. त्या दिवशी जे बोलता आले नाही ते येथे लिहितो आहे.

प्रथमच सांगून टाकतो की मला जीपेचा द्वेष नाही. १९४१ मध्ये अमेरिकेने लढाईसाठी घडविलेली ही गाडी १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवून विकावयास घेतली, आणि पुढे आमच्या मराठवाड्यात काळ्या-पिवळ्या रंगात तिने पंधरा पंधरा माणसे, कोंबड्या आणि बाळंतिणी वाहिल्या. मी स्वतः तिच्या मागच्या फळीवर लोंबकळत परीक्षेला गेलो आहे. ह्या मुलांनी मला एकदा नाल्यातल्या धोंड्यांवरून फिरवून आणले, तेव्हा मी मनापासून खूष झालो. कारण ह्या विद्येत धसमुसळेपणाला वाव नाही. चाकांतली हवा थोडी उतरवावयाची, म्हणजे रबर दगडाला बिलगते. सर्वांत संथ गियर टाकावयाचा. आणि माणूस चालतो त्याहूनही हळू गाडी न्यावयाची. ज्याचे चाक जागच्या जागी गरगरले तो कच्चा. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की गाडीपुढे एक माणूस पायी हवा. गाडीत बसलेल्याला चाकाखालचे दिसत नाही. पायी असलेला हाताने खूण करतो, तिकडे चाक वळवावयाचे. देगलूर-मुखेडच्या बाजूस ग्रॅनाइटचे गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे पडलेले आहेत. तेथे हा खेळ पाहण्यासारखा होईल ह्यात शंका नाही.

तेव्हा भांडण खेळाशी नाही. भांडण 'ओसाड' ह्या शब्दाशी आहे.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. जेथे ऊस नाही, सोयाबीन नाही, कुंपण नाही आणि दुकानाची पाटी नाही ते ओसाड. परंतु एकदा आपण खाली वाकून पाहा. आमच्या माळावर माती वीतभर, तिच्याखाली मुरूम. त्या वीतभर मातीत कुसळीचे आणि पवन्याचे गवत आहे, तरवड आहे, बोरी आणि हिवर आहेत. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळे पडते आणि धनगरांची मेंढरे त्याच्यावर पुढचे महिने काढतात. टिटवी घरटे बांधीत नाही. चार खडे गोळा करून उघड्यावर अंडी घालते आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. पायी चालणाऱ्याच्या डोक्यावर ती ओरडत घिरट्या घालते, म्हणून त्याला ती कळतात. यंत्राच्या आवाजात टिटवीचे ओरडणे कोण ऐकणार?

परंतु गवताची आणि पाखरांची गोष्ट काढली की शहरातला मनुष्य म्हणतो, मास्तर कवी झाले. म्हणून व्यवहाराचे बोलू. पाण्याचे बोलू.

लातूरच्या मुलांना तर हे सांगावयास नको. मार्च २०१६ मध्ये ह्या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी आली: दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरांवरून. आज जीपा चालविणारे हे लोक त्या वेळी कळते होते. पाणी धरणातून येते, रेल्वेतून येते, जारमधून येते, इतके ते शिकले. पाणी माळावरून येते, हे मात्र त्यांना कोणी शिकविले नाही. आणि मी त्यांचा मास्तर होतो, तेव्हा ह्या दोषातला वाटा माझाही आहे.

माळावर पडलेला पाऊस गवताच्या मुळ्यांशी थबकतो, मुरुमात मुरतो आणि खालच्या गावाच्या विहिरीत उतरतो. उतारावरून दीड-दोन टनांची गाडी उभ्या रेषेत खाली आली की दोन चाकोऱ्या पडतात. गवत मुळासकट निघते. पुढच्या मृगात पाणी त्याच चाकोरीने धावते. चाकोरीची चारी होते, चारीची घळ होते. पाणी मुरावयाचे सोडून पळू लागते आणि पळताना ती वीतभर मातीही घेऊन जाते. घळ पडावयास दोन-तीन पावसाळे पुरतात. ती माती पुन्हा तयार व्हावयास किती पिढ्या जातात ते मोजावयास आपल्यापैकी कोणी राहणार नाही.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानाच्या दिवसांत आमच्या गावाने वरच्या नाल्यात हातांनी दगड रचून पाच बांध घातले आणि उतारावर समतल चर खणले. शाळेची मुले दगड वाहत होती, मीही होतो. काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, बाहेरगावच्या सहा गाड्या आल्या. कोण होते, कोठले होते, ते येथे महत्त्वाचे नाही. त्यांना नाल्यातले ते रचलेले दगड म्हणजे देवाने खास त्यांच्यासाठी मांडलेली परीक्षाच वाटली असावी. दिवसभर गाड्या त्यांवरून चढल्या, उतरल्या, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. सायंकाळी पाच बांधांपैकी तीन मोकळे झाले होते. पुढच्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस आला आणि ते तिन्ही वाहून गेले. खालच्या पाणवठ्यात गाळ भरला. मेंढरांमागे हिंडणारी एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, त्यास्नी वाट न्हवती का वो?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता आलेले नाही. वाट होती. वाट सोडून जाणे हीच तर त्यांची मौज होती.

आता 'कुणाचा नाही' ह्या दुसऱ्या शब्दाकडे वळू. आमच्या माळाचा बराचसा भाग गायरान आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ह्याच्या बाविसाव्या कलमात गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. गायरान म्हणजे बेवारस नव्हे. गायरान म्हणजे सगळ्यांचे. ज्याचा धनी एक, त्याला विचारावयास एका उंबऱ्याशी जावे लागते. ज्याचा धनी सारा गाव, त्याला विचारावयास गावात जावे लागते. फरक एवढाच. आणि ह्याच गायरानावर भूमिहीन माणसाने पोटासाठी दोन एकर नांगरले तर ते अतिक्रमण ठरत आले. त्यासाठी दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये सत्याग्रह उभारावे लागले, हजारो माणसे तुरुंगात गेली. पोटासाठी नांगरले तर गुन्हा, आणि करमणुकीसाठी चाकांनी नांगरले तर साहस! हा न्याय मला शाळेत कधी शिकविता आला नाही.

ह्यावर तीन उत्तरे येतात. ती मला ठाऊक आहेत, कारण तिन्ही माझ्याच ओसरीवर दिली गेली.

पहिले उत्तर: "गुर्जी, मुरूम उपसणारे टिप्पर डोंगरच्या डोंगर नेतात, त्यांना कोणी बोलत नाही, आम्हालाच का?" हे खरे आहे, आणि ते ऐकून मला लाज वाटली. रस्त्यांच्या भरावासाठी आमच्या टेकड्या पोखरल्या गेल्या तेव्हा आम्ही वडीलधारी माणसे पारावर बसून भाव किती आला एवढेच विचारीत होतो. ज्यांनी मुरूम विकला त्यांना तरुणांच्या जीपेवर दात-ओठ खाण्याचा अधिकार नाही. परंतु शेजाऱ्याने घर लुटले म्हणून आपण परसातला पेरू तोडावयाचा, हे काही उत्तर झाले नाही.

दुसरे उत्तर: "बाहेरच्या देशांत हे सर्रास चालते." चालते खरे. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन नावाची एक खडकाळ वाट आहे. १९५३ मध्ये तेथे जीपवाल्यांचा पहिला मेळा भरला आणि जगभरचे ह्या खेळाचे शौकीन तिचे नाव घेतात. तेथेही गाळ, सांडलेले तेल आणि माणसांनी केलेली घाण ओढ्या-तळ्यांत जाऊ लागली, तेव्हा २००९ मध्ये तेथील पाण्याची राखण करणाऱ्या मंडळाने सफाईचा हुकूम काढला. आणि जीपवाल्यांच्याच संघटना फावडी घेऊन वाट दुरुस्त करावयास उतरल्या. बाहेरच्या देशांचे नाव घ्यावयाचे तर जीपेबरोबर ते फावडेही आणावे.

तिसरे उत्तर सर्वांत बोचरे: "तुम्हा म्हाताऱ्यांना आमची मौज पाहवत नाही." मी पंचेचाळीसचा आहे, पण ते असो. उघड्यावर जेवावयाची, कडब्याच्या सावलीत लोळावयाची मौज लातूर-नांदेडकडच्या माणसाला कोणी शिकवावी? मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, आमची येळवस, दुसरे काय आहे? शिवारात कडब्याची कोप उभारावयाची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडावयाचे, भज्जी, उंडे आणि मडक्यातली आंबील घेऊन सगळे घर रानात. त्या दिवशी लातूरचे रस्ते ओस पडतात आणि शिवारे भरतात. आणि नियम असा की बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारून जेवू घालावयाचे. येळवशीला ज्याचे रान त्याच्या नावाने हाक असते. ह्या नव्या बेतात अकरा माणसांचे मटण मोजून आणलेले आहे, आणि ज्या गावाच्या माळावर ते शिजावयाचे त्या गावातला बारावा माणूस यादीत नाही.

तेव्हा माझ्या अटी ऐका. ग्रामपंचायतीला आधी अर्ज करा. उतारावर, गवतावर, चरांवर आणि बांधांवर चाक घालू नका. ज्या वाटेवर बैलगाडी गेली आहे त्याच वाटेने वर जा, आणि धोंडेच हवे असतील तर गाव दाखवील त्या उघड्या खडकावर खेळा. पावसाळ्यात आणि टिटवीच्या विणीच्या दिवसांत येऊ नका. वाळल्या गवतात शेकोटी पेटवू नका. एका ठिणगीने मेंढरांचा सारा उन्हाळा जळतो. तेल गळणारी गाडी खालीच ठेवा. आणि तुमच्या विद्येत गाडीपुढे जो पायी माणूस लागतो, तो आमच्या गावचा घ्या, त्याला दिवसाची मजुरी द्या, आणि तो हात आडवा करील तेथे थांबा. त्याला चाकाखालचे दिसते. तुम्हाला दिसत नाही, हे तुमच्याच खेळाचे सूत्र आहे.

आणि येण्याच्या आदल्या शनिवारी रिकाम्या हातांनी, पायी या. वाहून गेलेले तीन बांध अजून तसेच पडले आहेत. दगड जवळच आहेत, अकरा माणसांचे काम एका दिवसाचे आहे. एवढे केल्यावर तुम्ही पाहुणे राहणार नाही, माळाचे धनी व्हाल. मग वाट दाखवावयास मला कोणी बोलवावे लागणार नाही, मीच पुढे चालेन.

पत्रक मी लिहिले नाही. ग्रामपंचायतीला द्यावयाचा अर्ज तेवढा लिहून ठेवला आहे, झकास मराठीत. 'जागा' ह्या रकान्यात गावाचे नाव घातले आहे. खाली अकरा सह्यांची जागा सोडली आहे. येळवशीपर्यंत वाट पाहतो.