दप्तरांतलें नांव आणि घरांतलें नांव

अकोला-अमरावतीकडे येणाऱ्या वर्तमानपत्रांच्या आंतल्या पानावर, हरवलेल्या गुणपत्रिका आणि शेतीच्या खरेदीच्या जाहिराती यांच्या शेजारीं, बारीक ठशाची एक सूचना अधूनमधून दृष्टीस पडते. अमुक क्रमांकाचा, अमुक पलटणींतला निवृत्त हवालदार जाहीर करतो कीं, सैन्याच्या दप्तरांत माझ्या पत्नीचें नांव असें लागलेलें आहे, तें वस्तुतः तसें आहे. दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं समजावीं. चार ओळींचा हा मजकूर वाचून पुष्कळांस हंसूं येतें. चाळीस वर्षें संसार केला आणि बायकोचें नांव आतां सुचलें, असा शेराही एखादा मारतो. परंतु त्या चार ओळींमागें एका बाईच्या उतारवयांतल्या भाकरीचा प्रश्न असतो. आणि तो प्रश्न वाटतो तितका आपल्या घरापासून दूर नाहीं.

शिपायाच्या नोंदींत चूक शिरते कशी, हें पाहण्यासारखें आहे. मुलगा भरतीस जातो तेव्हां शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरावरून उतरलेला दाखला त्याच्या हातीं असतो. जुन्या पिढींत त्यांतली जन्मतारीख बहुधा गुरुजींनीं ठरविलेली असे. १ जून आणि १ जुलै या दोन दिवशीं आपल्याकडे जितकीं मुलें जन्मलीं, तितकीं कोणत्याही पंचांगाच्या योगानें जन्मलीं नसतील! गांवच्या कोतवाल बुकांत जन्माची नोंद सांपडली तरी तींत पुष्कळदां बापाचें नांव आणि 'मुलगा' एवढेंच असतें, कारण नोंद बारशाच्या आधींची. पुढें त्या शिपायाचें लग्न होतें. रजा संपवून तो पलटणींत परत जातो आणि कंपनीच्या लेखनिकाला पत्नीचें नांव तोंडानें सांगतो. लेखनिक बिहारचा किंवा बंगालचा. तो ऐकूं आलें तसें इंग्रजींत उतरवितो. इंग्रजी लिपींत 'ळ'ला जागा नाहीं, म्हणून कमळाची कमला होते. यमुनेची जमना होण्यास तर लिपीचीही गरज लागत नाहीं. हें नांव मग पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर' मध्यें प्रसिद्ध होतें, आणि तेथून शिपायाच्या कायमच्या नोंदपत्रांत जाऊन बसतें.

आडनांवांची गोष्ट याहून गमतीची. वऱ्हाडांत 'जाधव' हें आडनांव इंग्रजींत लिहितांना शेवटीं 'ओ' घालण्याची जुनी चाल आहे. पुण्याकडे तेथें 'व्ही' येतो. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीच्या कांठीं पराक्रम करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांचें आडनांव निरनिराळ्या इंग्रजी पुस्तकांत निरनिराळ्या तऱ्हेनें लिहिलेलें आढळतें. मोठ्या मानकऱ्याची ही अवस्था, तर वानखडे, इंगळे, गावंडे यांनीं कोणाकडे दाद मागावी? खुद्द अमरावती शहराचें नांवही जुन्या इंग्रजी दप्तरांत 'अम्राओती' असेंच सांपडतें. पत्त्याचेंही तेंच. जो मनुष्य १९४९ सालीं भरती झाला त्याचा प्रांत 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असा लागला. १९५० नंतरच्याचा 'मध्यप्रदेश'. १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. वाशीमचा शिपाई १९९८ पूर्वीं अकोला जिल्ह्यांतला म्हणून नोंदला गेला. घर जागचें हललें नाहीं, पण जिल्हा हलला.

हे सारे फरक एके काळीं खपून जात. पेन्शन देणारा खजिन्यांतला किंवा बँकेंतला कारकून मनुष्य ओळखून असे. आतां सैनिकांच्या पेन्शनचा कारभार 'स्पर्श' नांवाच्या संगणकी पद्धतींत गेला आहे, आणि दरवर्षीं हयातीचा दाखला देतांना आधारपत्रावरील नांव पुढें येतें. संगणकाला चेहऱ्याची ओळख आणि भीड दोन्ही नाहींत. त्याला अक्षराशीं अक्षर जुळलेलें हवें.

आतां आपल्या घरांतली चाल आठवा. लग्नांत तांदळाच्या ताटांत अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची हौस अजून गेलेली नाहीं. समजा, माहेरची निर्मला सासरीं येऊन उमा झाली. शाळेच्या दाखल्यावर निर्मला, शिधापत्रिकेवर उमा, आधारपत्रावर नातवानें भरून दिलें तें. आणि नवरा सैन्यांत असेल, तर त्याच्या दप्तरांत त्यानें त्या दिवशीं जें सांगितलें तें. सैन्य म्हणजे केवळ पायदळ नव्हे; वैद्यकीय दलांत, सिग्नलमध्यें, तोफखान्यांत आपल्या नात्यागोत्यांतलीं माणसें आहेत. नांव बदलण्याची ती चाल चांगली कीं वाईट, हा वाद येथें घालीत नाहीं. मात्र ज्या घरीं ती पाळली गेली, त्या घरीं त्या बाईच्या दोन नांवांचा सांधा कागदावर जुळविलेला असला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कारण नवरा जिवंत असेपर्यंत कांहीं अडत नाहीं. तो गेल्यावर अडतें. मृत्यूचा दाखला घेऊन विधवा कुटुंब-पेन्शन मागूं लागते, तेव्हां हुकुमांत निर्मला आणि पुढें उभी उमा. जो मनुष्य 'ही माझीच बायको' असें एका सहीनें सांगूं शकला असता, तोच नेमका नसतो. सामान्य कुटुंब-पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असते, आणि १ जानेवारी २०१६ पासून तिची किमान रक्कम महागाईभत्ता सोडून ९,००० रुपये ठरली. ज्या बाईला दुसरें उत्पन्न नाहीं, तिच्या दृष्टीनें मुलासुनेपुढें हात पसरणें आणि न पसरणें यांतलें हें अंतर आहे. तारखेचेंही महत्त्व पुरुष मंडळींच्या ध्यानांत येत नाहीं. वयाचीं ८० वर्षें पूर्ण झाल्यावर कुटुंब-पेन्शनींत २० टक्के भर पडते, ८५ व्या वर्षीं ती ३० टक्के होते, ९० व्या वर्षीं ४०, ९५ व्या वर्षीं ५०, आणि शंभरीं गांठली तर पेन्शन दुप्पट. पण जुन्या कित्येक हुकुमांत पत्नीची जन्मतारीखच लिहिलेली नाहीं! मग आजीबाई ऐंशीच्या झाल्या, हें सरकारला कळावें कसें?

शिपायाच्या स्वतःच्या जन्मतारखेची गोष्ट मात्र निराळी, आणि येथें आशा धरूं नये हेंच खरें. सेवेंतली तारीख सेवेच्या आरंभींच काय ती दुरुस्त व्हावयाची. सरसेनापति विजयकुमार सिंह यांचें प्रकरण वाचकांस आठवत असेल. शालान्त प्रमाणपत्रावर १० मे १९५१, आणि सैनिकी अकादमीच्या प्रवेशासाठीं शाळकरी वयांत भरलेल्या अर्जावर १० मे १९५०. सैन्याच्याच दोन शाखांत दोन तारखा वर्षानुवर्षें नांदत होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. न्यायमूर्ति लोढा व न्यायमूर्ति गोखले यांच्यापुढें १० फेब्रुवारी २०१२ रोजीं त्यांनीं अर्ज मागें घेतला, आणि १९५० हेंच साल धरून ३१ मे २०१२ रोजीं ते निवृत्त झाले. मनुष्य खरोखर केव्हां जन्मला हा प्रश्न एक, आणि नोकरीपुरती कोणती तारीख धरावयाची हा दुसरा. सरसेनापतींस जें साधलें नाहीं, त्यासाठीं निवृत्त नाइकानें वकिलाच्या पायऱ्या झिजवूं नयेत. त्यानें उलट आधारपत्रावरील तारीख दप्तराशीं जुळवून घ्यावी. तीही साधारणतः एकदांच बदलून मिळते, म्हणून नीट पाहून.

पत्नीच्या व मुलांच्या नांवाचा अर्ज मात्र बिनदिक्कत करावा. तो आपल्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे जातो: मराठा पलटणीचें बेळगांवास, महार पलटणीचें सागरला, गार्ड्सचें कामठीस, तोफखान्याचें नाशिकरोडला, बाँबे सॅपर्सचें खडकीस. अमरावती व अकोला दोन्ही ठिकाणीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. अर्ज त्यांच्या मार्फत गेलेला बरा. अर्जांत लग्नाची हकीकत नको. क्रमांक, हुद्दा, दप्तरांत आहे तसेंच स्वतःचें नांव, निवृत्तीची तारीख, पेन्शनच्या हुकुमाचा क्रमांक. सध्यां काय लिहिलें आहे आणि काय असावें, एवढेंच. यांत क्रमांक सर्वांत महत्त्वाचा, कारण एकाच नांवाचे दहा शिपाई सांपडतात, पण क्रमांक एकाचाच. सोबत डिस्चार्ज बुक व पेन्शनचा हुकूम यांच्या नकला, दोघांचें एकत्र छायाचित्र, आधारपत्रें, आणि दोन्ही नांवें एकाच स्त्रीचीं असल्याबद्दलचें प्रतिज्ञापत्र. वर्तमानपत्रांतली सूचना बहुधा एका मराठी आणि एका इंग्रजी पत्रांत द्यावी लागते. सूचनेंतलें, प्रतिज्ञापत्रांतलें आणि आधारपत्रावरील स्पेलिंग एकच आहे कीं नाहीं, हें घरांतल्या एखाद्या शिकल्या मुलीकडून ताडून घ्यावें. दुरुस्तीच्या कागदांतच नवी चूक शिरली, तर सारा खटाटोप पुन्हां पहिल्यापासून.

अभिलेख कार्यालयानें नोंद बदलली म्हणजे काम संपलें असें समजूं नये. तेथून कागद प्रयागराजच्या संरक्षण लेखा विभागाकडे जातात आणि तेथून सुधारित पेन्शन-हुकूम निघतो. तो हातीं पडेपर्यंत, तीन-तीन महिन्यांनीं कां होईना, स्मरणपत्र जात राहावें. हुकूम आला कीं त्याची एक प्रत आजोबांच्या पेटींत, आणि दुसरी, क्रमांकावर लाल रेघ ओढून, आजीच्या स्वतःच्या पेटींत ठेवावी.